करडईच्या वाणाची पारख तेलाच्या गुणावरही व्हावी : राज्याच्या कृषिधुरिणांना खुले पत्र

प्रति,
माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य;
माननीय कृषी आयुक्त, पुणे;
महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषद, पुणे;
आणि राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांचे माननीय कुलगुरू यांना,

सविनय नमस्कार.

हे पत्र करडईच्या तेलाविषयी आहे आणि त्यातली मुख्य मागणी आधी मांडतो. महाराष्ट्रात करडईच्या नव्या वाणाची शिफारस करताना त्याच्या हेक्टरी उत्पादनाइतके आणि तेलाच्या टक्क्याइतकेच वजन त्या तेलातील मेदाम्लांच्या, म्हणजे तेल ज्या घटकांचे बनते त्यांच्या, प्रमाणाला दिले जावे. आणि ज्यांच्या तेलात ओलेइक आम्ल, म्हणजे तेलाला टिकाऊपणा देणारे मेदाम्ल, ७५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक आहे, असे सोलापूर, परभणी, लातूरच्या कोरडवाहू रानात तग धरणारे वाण येत्या काही हंगामांत शेतकऱ्यांच्या हाती पडावेत. मी खाद्यतेलांच्या तपासणीचे काम करतो आणि माझी घरची शेती मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आहे. त्यामुळे करडईचे रान आणि करडईची कढई या दोन्ही गोष्टी माझ्या रोजच्या पाहण्यातल्या आहेत, आणि या दोहोंमधला दुवा आपल्या धोरणात कोठेच दिसत नाही, ही माझी खंत आहे.

करडईच्या पारंपरिक तेलात लिनोलेइक आम्ल साधारण ७० ते ७५ टक्के, ओलेइक आम्ल जेमतेम १२ ते १५ टक्के आणि संपृक्त मेदाम्ले दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतात. संपृक्त मेद इतका कमी असल्यामुळे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हृदयविकाराची धास्ती घेतलेल्या घरांत या तेलाला मानाचे स्थान मिळाले आणि ते अकारण मिळाले असे मी म्हणणार नाही. लिनोलेइक आम्ल शरीराला आवश्यक आहे, शरीर ते स्वतः तयार करू शकत नाही आणि ते अन्नातूनच घ्यावे लागते. त्याला सरसकट विष ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. अडचण आहे ती ते तापवल्यावर आणि साठवल्यावर होणाऱ्या बदलांची. लिनोलेइकच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि त्या दोहोंच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो. तो सुटला की तेथे हवेतला ऑक्सिजन जोडला जातो, पेरॉक्साइडे तयार होतात, ती मोडून अल्डिहाइडे बनतात, आणि आपल्या नाकाला कळणारा खवटपणा हा या साऱ्या घडामोडींचा बराच उशिराचा टप्पा असतो. ओलेइक आम्लात दुहेरी बंध एकच असल्याने अशी नाजूक जागाच नसते. म्हणून ते लिनोलेइकच्या तुलनेत किमान दहापट सावकाश ऑक्सिडीकृत होते.

हे प्रयोगशाळेतले बारकावे वाटतील, परंतु त्यांचा पुरावा घराघरांत आहे. कढईच्या बाहेरच्या अंगाला, शेगडीमागच्या फरशीला, तेलाच्या बरणीच्या तोंडाशी जो पिवळसर, चिकट, नखाने खरवडावा लागणारा थर बसतो, तो याच प्रक्रियेतून तयार होतो. करडईचे तेल रंग आणि व्हार्निशच्या उद्योगात वापरले जात असे तेही नेमके याच गुणामुळे, कारण त्याचा पातळ थर दिला की तो हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतो आणि पक्का पापुद्रा धरतो. रंगाऱ्याला हवा असलेला हा गुण तळणीच्या कढईत कोणालाच नको असतो. दिवाळीच्या चकल्या आणि शेव परदेशातल्या मुलाबाळांना पाठवणाऱ्या घरांना हा प्रश्न चांगला ठाऊक आहे. डबा पोहोचेपर्यंत आणि पुरवून पुरवून खाईपर्यंत फराळाला वास येऊ नये, एवढीच त्यांची अपेक्षा असते, आणि लिनोलेइकने भरलेले तेल ती पुरी करू शकत नाही. (लाकडी घाण्याचे तेल पारदर्शक बाटल्यांत भरून उन्हात मांडून विकण्याची जी पद्धत अलीकडे रस्तोरस्ती दिसते, ती तर या तेलाच्या मुळावरच येणारी आहे, कारण प्रकाशाने ऑक्सिडीकरणाला वेग येतो.)

तेलाच्या या अस्थैर्यावर कारखानदारीने आजवर जे उपाय शोधले, त्यांची किंमत आपल्या आरोग्याने मोजली आहे. पहिला उपाय वनस्पती तुपाचा. तेलात हायड्रोजन घालून दुहेरी बंध कमी केले की ते टिकते, घट्टही होते, परंतु अर्धवट हायड्रोजनीकरणात ट्रान्स मेदाम्ले तयार होतात आणि हृदयाला त्यांच्याइतका अपायकारक मेद दुसरा नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेले आणि मेद यांतील ट्रान्स मेदाची मर्यादा १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली, हे फार चांगले झाले. पण वनस्पती तूप मागे हटले तशी तळणीतली त्याची जागा बहुतांशी पामतेलाने घेतली. पामतेल टिकाऊ आहे, स्वस्त आहे, आणि त्यातला जवळपास निम्मा मेद संपृक्त आहे. फरसाणाच्या आणि वड्याच्या कढईत पडणारे पामोलिन, म्हणजे पामतेलाचा पातळ भागही, त्या बाबतीत फार मागे नाही. तिसरा उपाय टीबीएचक्यूसारख्या ऑक्सिडीकरणरोधक रसायनांचा. ती कायद्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत वापरली तर त्यांना माझी हरकत नाही, परंतु उघड्या कढईत तासन्‌तास चालणाऱ्या तळणीत त्यांचा आधार लवकर संपतो. हे तिन्ही उपाय तेल निघाल्यानंतरचे आहेत. तेल बियाण्यातच टिकाऊ तयार झाले तर या सगळ्या खटाटोपाची गरज मुळातच कमी होते, आणि पैदासकार हे करू शकतात, हे साठ वर्षांपूर्वी सिद्ध झालेले आहे.

तो इतिहास आपणांपैकी अनेकांना माहीत असेल. तरीही तो येथे लिहितो, कारण त्यात आपला थेट संबंध आहे. १९५७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हॉरोविट्झ आणि विंटर यांनी करडईच्या अशा तेलाची नोंद केली की ज्याचे आयोडीन मूल्य नेहमीपेक्षा खूपच कमी होते, म्हणजेच ज्यात दुहेरी बंध कमी होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पैदासकार पी. एफ. नोल्स यांनी या गुणाच्या आनुवंशिकतेचा मागोवा घेतला आणि १९६३ मध्ये मुतवकिल यांच्यासह जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषयच मुळी भारतातून आलेल्या करडईच्या निवडींमधील कमी आयोडीन मूल्य हा होता. तो गुण एकाच अप्रभावी जनुकामुळे, म्हणजे आई आणि बाप दोहोंकडून आले तरच गुण दाखवणाऱ्या जनुकामुळे येतो, असे त्यांनी दाखवले. त्या आधारावर १९६६ मध्ये ‘यूसी-१’ हा उच्च ओलेइक वाण कॅलिफोर्नियात प्रसारित झाला आणि पुढे तेथल्या करडईच्या उद्योगाचा मोठा भाग या तेलाकडे वळला. आंतरराष्ट्रीय अन्न मानकांत आज उच्च ओलेइक करडई तेलाचे वेगळे मानक आहे आणि त्यात ओलेइक किमान ७० टक्के असावे लागते. मूळ बियाणे भारताचे, त्याचा गुण ओळखला परक्यांनी, आणि ज्या महाराष्ट्रात करडई पिढ्यान्‌पिढ्या पिकते तेथला शेतकरी अजून जुन्याच तेलाची करडई पेरतो आहे, ही स्थिती आपण किती काळ चालू द्यायची?

या गुणाचे शास्त्र आता पुरेसे उलगडलेले आहे. बी भरत असताना त्यात आधी ओलेइक आम्ल तयार होते आणि मग फॅड-२ नावाचे विकर त्यात दुसरा दुहेरी बंध घालून त्याचे लिनोलेइक करते. ज्या रोपात बियांपुरते काम करणारे हे जनुक बिघडलेले असते, तेथे दुसरी पायरी घडत नाही आणि ओलेइक तसेच साठत जाते. करडईत फॅड-२ कुळातली जनुके अनेक असल्याने पानांत आणि मुळांत हे काम करणारी दुसरी जनुके शाबूत राहतात. नोल्स यांच्याच कामातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. याच जागेवरचे दुसरे एक जनुकरूप मध्यम प्रमाणात, म्हणजे ३५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ओलेइक देते आणि ते तापमानानुसार बरेच वरखाली होते. उच्च ओलेइक देणारे रूप मात्र तुलनेने स्थिर राहते. आपल्याकडे दाणे भरण्याच्या काळात जानेवारीची थंडी आणि फेब्रुवारी-मार्चचा चढता पारा दोन्ही येतात, त्यामुळे ही स्थिरता आपल्या दृष्टीने मोलाची आहे. यात जनुकीय परिवर्तनाचा कोणताही प्रश्न येत नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने ९० टक्क्यांहून अधिक ओलेइक असलेली करडई जनुकीय तंत्राने तयार केली आहे, परंतु ती मुख्यतः औद्योगिक वापरासाठी आहे. स्वयंपाकाच्या तेलाला निसर्गात सापडलेले जुने जनुक आणि साधा संकर पुरेसा आहे.

उच्च ओलेइक तेलाच्या आरोग्यविषयक दाव्यांबाबत मी मोजूनमापूनच लिहितो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१८ मध्ये किमान ७० टक्के ओलेइक असलेल्या तेलांच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होण्यासंबंधीचा दावा छापण्यास परवानगी दिली. परंतु पुरावा पोषक असला तरी निर्णायक नाही, असे वेष्टनावर नमूद करण्याची अट घातली, आणि हा फायदा संपृक्त मेदाच्या जागी असे तेल वापरल्यास संभवतो, वरून जादा तेल खाल्ल्याने नव्हे, हेही स्पष्ट केले. माझे म्हणणे याच्या पलीकडे जात नाही. पामोलिनच्या कढईत उच्च ओलेइक करडईचे तेल आले तर टिकाऊपणा टिकेल आणि संपृक्त मेद काही पटींनी घटेल, एवढेच मी म्हणतो, आणि एवढेही आपल्या राज्यासाठी फार मोठे आहे. तळणीच्या तेलात एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे तेल तापून बिघडताना तयार होणारे पदार्थ, २५ टक्क्यांवर गेली की ते तेल टाकून द्यावे, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हातगाडीवर वडे तळणाऱ्या माणसाकडे ही संयुगे मोजण्याचे साधन नसते. तेलाचा रंग काळवंडला आणि फेस मावेना झाला की तो फार तर तेल बदलतो किंवा त्यातच ताजे तेल ओततो. तपासनीस पाठवून हा नियम जितका पाळला जाईल, त्याहून अधिक तो मुळात सावकाश बिघडणारे तेल त्या माणसाला परवडेल अशा भावात मिळाले तर पाळला जाईल.

आपल्या देशात हे काम होऊ शकत नाही, असे म्हणायला जागा उरलेली नाही. भुईमुगात १९८७ साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या पैदासकारांनी नोंदवलेल्या उच्च ओलेइक उत्परिवर्तनाचा वारसा घेऊन, जनुकचिन्हांच्या मदतीने निवड करून, हैदराबादच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने आणि जुनागढच्या भुईमूग संशोधन संचालनालयाने ‘गिरनार-४’ आणि ‘गिरनार-५’ हे वाण दिले. त्यांच्या तेलात ओलेइक ७८ टक्क्यांच्या घरात आहे, जेथे नेहमीच्या भुईमुगात ते ४५ ते ५० टक्के असते. १६ ऑक्टोबर २०२० रोजी जागतिक अन्न दिनाला पंतप्रधानांनी देशाला अर्पण केलेल्या १७ जैवसंपन्न, म्हणजे पोषणगुण वाढवलेल्या, वाणांत या दोहोंचा समावेश होता. जवसाची अडचण तर करडईहून मोठी, कारण त्यातल्या लिनोलेनिक आम्लाला तीन दुहेरी बंध असतात आणि त्यामुळे ते तेल स्वयंपाकात फार लवकर बिघडते. तेथे आपल्याच मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उत्परिवर्तन पैदाशीतून लिनोलेनिक ५ टक्क्यांच्या खाली आणणारा ‘टीएल-९९’ हा वाण तयार केला. मोहरीत दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने इरुसिक आम्ल, म्हणजे मोहरीच्या तेलातले नकोसे मेदाम्ल, कमी असलेले वाण दिले. करडईतही हैदराबादच्या भारतीय तेलबिया संशोधन संस्थेने उच्च ओलेइक वाण विकसित केले आहेत. म्हणजे दाता वाण देशात उपलब्ध आहेत, तंत्र हाताशी आहे, आणि सोलापूर व परभणी येथे अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाची करडईवर काम करणारी केंद्रे अनेक दशकांपासून आहेत. भीमा, फुले कुसुमा, एसएसएफ-७०८, शारदा, परभणी कुसुम या आपल्या रानाची सवय झालेल्या, शेतकऱ्याच्या ओळखीच्या वाणांत हा एक गुण उतरवणे ही आता बॅकक्रॉस पैदाशीच्या, म्हणजे संकराचा मूळ वाणाशी पुन्हा पुन्हा संकर करण्याच्या, काही पिढ्यांची गोष्ट आहे.

हे काम किती साध्या हाताने करता येते, तेही लिहितो. करडईचे एक बी घ्यावे, अंकुराच्या विरुद्ध टोकाकडून बीजदलाचा छोटासा काप काढावा, त्या कापातल्या तेलाची मेदाम्ले गॅस क्रोमॅटोग्राफ या घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर तपासावीत आणि उरलेले बी कुंडीत पेरावे. तपासणीत ओलेइक जास्त निघाले तर ते रोप ठेवायचे, नाही तर उपटायचे. अर्ध्या बियाची ही पद्धत कॅनडाच्या पैदासकारांनी साठच्या दशकात राई-मोहरीच्या कुळातल्या पिकावर वापरली आणि तिच्याच आधारे इरुसिक आम्ल जवळजवळ नाहीसे करून १९७४ मध्ये ‘टॉवर’ हा दुहेरी सुधारणेचा, म्हणजे तेलातले इरुसिक आणि पेंडीतली ग्लुकोसिनोलेटे दोन्ही कमी असलेला, वाण आणला, ज्यातून पुढे कॅनोला हे तेल जगभर गेले. त्या देशाने एका पिकाचे तेल आमूलाग्र बदलले, कारण पैदासकार, शासन, गिरण्या आणि शेतकरी या सर्वांनी तेलाच्या घटकांनाच वाणाची कसोटी मानले. आपल्याकडे संयुक्त ॲग्रेस्कोत, म्हणजे वाणांच्या शिफारशी ठरवणाऱ्या कृषी विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत, वाणाचे सादरीकरण होते तेव्हा चर्चा प्रामुख्याने तुलनेसाठी लावलेल्या वाणापेक्षा उत्पादन किती टक्के जास्त आले, तेलाचा उतारा किती, मावा आणि मर यांना तो किती दाद देतो, पक्वतेचे दिवस किती, या मुद्द्यांभोवती फिरते. हे मुद्दे आवश्यकच आहेत. पण या निकषांवर शंभर किलो सामान्य तेल देणारा वाण नव्वद किलो उत्तम तेल देणाऱ्या वाणाला कायमच मागे टाकणार, आणि मग पैदासकाराने गुणाच्या मागे का लागावे?

खरी अवघड गोष्ट पैदाशीच्या पुढची आहे आणि तिच्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. उच्च ओलेइकचे जनुक अप्रभावी आहे आणि बियातले तेल हे त्या बियाच्या गर्भाच्या जनुकांवर ठरते. करडई मुख्यतः स्वपरागित असली तरी मधमाश्यांमुळे तिच्यात परपरागीकरणही लक्षणीय होते. उच्च ओलेइक करडईच्या शेजारी जुन्या वाणाचे शेत असेल तर तेथून आलेल्या परागापासून तयार झालेल्या बियात त्याच हंगामात ओलेइक घटलेले असेल. त्यासाठी पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही. पुढे मळणीत, पोत्यांत, बाजार समितीच्या फडावर आणि गिरणीच्या टाकीत जेथे जेथे दोन्ही माल एकत्र येतील, तेथे तेथे तेलाचा गुण पातळ होत जाईल. म्हणून एखाद्या गावात दोन एकर, दुसऱ्या गावात तीन एकर अशी मिनीकिटे, म्हणजे बियाण्याच्या छोट्या पिशव्या, वाटून हे पीक रुजणार नाही. सलग गावांचा पट्टा ठरवावा लागेल, त्या पट्ट्यात एकच प्रकारचा वाण पेरला जाईल हे गावसभेत ठरवावे लागेल, आणि खरेदी, साठवण व गाळप यांची साखळी सुरुवातीपासून वेगळी ठेवावी लागेल.

मालाची ओळख पटवणे त्यामानाने सोपे आहे. लिनोलेइकने भरलेल्या करडई तेलाचे आयोडीन मूल्य १४० च्या आसपास असते, उच्च ओलेइक तेलाचे ९० च्या आसपास. दुहेरी बंध कमी झाले की तेलाचा अपवर्तनांकही, म्हणजे त्यातून जाताना प्रकाश किती वळतो त्याचे माप, कमी होतो, आणि तो मोजायला हातात धरता येणारे अपवर्तनांकमापक पुरते. खरेदी केंद्रावर मूठभर करडई हातदाबणीच्या यंत्रात दाबली, निघालेल्या तेलाचा एक थेंब काचेवर ठेवला, झाकण मिटून उजेडाकडे धरून भिंगातून पाहिले की कोणती करडई आहे हे काही मिनिटांत कळते. शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. आर्द्रता मोजायचे यंत्र जसे आज प्रत्येक खरेदी केंद्रावर असते, तसे हे दुसरे छोटे साधन तेथे असायला काही अडचण नाही.

शेतकऱ्याने हे का करावे, याचे उत्तर भावातच द्यावे लागेल. २०२६-२७ च्या विपणन हंगामासाठी केंद्र सरकारने करडईच्या हमीभावात क्विंटलमागे ६०० रुपयांची वाढ करून तो ६,५४० रुपये केला आणि त्या हंगामातल्या रब्बी पिकांत ही सर्वांत मोठी वाढ होती. हे स्वागतार्ह आहे. तथापि हमीभाव सगळ्या करडईला एकच असतो आणि गुणाचा दाम त्यात येत नाही. राज्य शासनाने उच्च ओलेइक मालाला त्यावर ठरावीक प्रोत्साहन द्यावे, निदान सुरुवातीच्या काही हंगामांत, आणि ते तेलाच्या तपासणीशी जोडलेले असावे. करडई मागे का पडली, हेही येथे विसरता येत नाही. ज्वारीच्या शेताभोवती जनावरे आत शिरू नयेत म्हणून करडईचा पट्टा लावत, ते तिच्या काट्यांमुळे. आणि काढणीला मजूर मिळेनासे झाले तेही काट्यांमुळेच. पहाटे दव असताना, काटे मऊ असताना, हातापायांना पोत्याची फडकी गुंडाळून करडई उपटणाऱ्या बायकांना ते काम कोणत्या मजुरीवर परवडावे? हरभरा आणि सोयाबीनने तिचे रान घेतले, यात शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचा ‘नारी-६’ हा वाण आणि ‘नारी-एनएच-१’ हा संकर देऊन या अडचणीवर उत्तर दाखवले आहे. हार्वेस्टरने काढणी होऊ लागल्यामुळेही तिची धार कमी झाली आहे. उच्च ओलेइकचा गुण बिनकाट्याच्या वाणांत उतरवण्याला म्हणूनच प्राधान्य द्यावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ही करडई पावसाने रानात सोडलेल्या ओलीवर, खोल जाणाऱ्या सोटमुळाच्या बळावर, एकाही पाण्याशिवाय येऊ शकते. ज्या तालुक्यांत टँकरवर दिवस काढावे लागतात, तेथे याहून योग्य तेलबी मला दिसत नाही.

खाद्यतेलाच्या बाबतीत देश परावलंबी आहे हे आपण जाणताच. वर्षाला सुमारे १६० लाख टन तेल बाहेरून येते, ते आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक आहे आणि त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १०,१०३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय खाद्यतेल-तेलबिया अभियान मंजूर केले आणि २०३०-३१ पर्यंत तेलबियांचे उत्पादन ३९० लाख टनांवरून ६९७ लाख टनांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले. त्या घोषणेत नावानिशी आलेली पिके मोहरी, भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल आणि तीळ ही होती. करडईचे नाव त्यांत नव्हते. करडई हे प्रामुख्याने महाराष्ट्र आणि कर्नाटकाचे पीक असल्याने तिची बाजू दिल्लीत मांडण्याची जबाबदारी आपल्यावर येते. या अभियानात गावसमूहांची मूल्यसाखळी उभारण्याची आणि ‘साथी’ या केंद्राच्या बियाणे पोर्टलवर पाच वर्षांचा पुढे सरकता बियाणे आराखडा ठेवण्याची तरतूद आहे, आणि मी वर लिहिलेल्या सलग पट्ट्याला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात.

तेव्हा माझी विनंती अशी आहे. महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेने संयुक्त ॲग्रेस्कोच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि करडई, भुईमूग, सूर्यफूल व जवस या पिकांच्या प्रत्येक प्रस्तावित वाणासोबत किमान दोन हंगाम व दोन ठिकाणांच्या मेदाम्लांचे आकडे देणे बंधनकारक करावे. ते आकडे शिफारशीच्या पत्रकात आणि शेतकऱ्याच्या हातात पडणाऱ्या बियाण्याच्या पिशवीवरही छापले जावेत. राहुरी आणि परभणी विद्यापीठांच्या कुलगुरूंनी हैदराबादच्या संस्थेकडे आज उपलब्ध असलेले उच्च ओलेइक वाण येत्या रब्बीतच सोलापूर, परभणी आणि लातूर भागांतील प्रक्षेत्रांवर आपल्या वाणांच्या शेजारी, विलगीकरण अंतर पाळून, चाचणीला घ्यावेत, आणि त्याच हंगामात आपल्या वाणांशी त्यांचे संकर सुरू करावेत. या कामासाठी दोन्ही ठिकाणी चालू स्थितीतला गॅस क्रोमॅटोग्राफ आणि तो चालवणारा कायम नेमणुकीचा माणूस असावा. यंत्र आहे पण रसायने नाहीत, रसायने आहेत पण तंत्रज्ञ निवृत्त झाला, ही स्थिती मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिलेली आहे आणि पैदासकाराची वर्षे त्यात वाया जातात.

माननीय कृषी आयुक्तांना विनंती की सोलापूर, धाराशिव, लातूर, परभणी या जिल्ह्यांतून निदान एक सलग पट्टा निवडून, तेथल्या शेतकरी उत्पादक कंपन्या आणि लाकडी घाण्यांसह गाळप करणारे गिरणीमालक यांची बैठक खरिपातच घ्यावी. कारण करडईची पेरणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आटोपते आणि त्यानंतर ठरवलेले काहीही त्या वर्षी उपयोगाचे नसते. बियाण्याबाबत महाबीजला आतापासूनच सांगावे लागेल, कारण पैदासकार बियाण्यापासून पायाभूत आणि पायाभूतपासून प्रमाणित बियाण्यापर्यंत जायला हंगामांमागून हंगाम जातात, आणि पैदासकार बियाण्याची मागणी आधी नोंदवली नाही तर चांगला वाणही कागदावरच राहतो. माननीय कृषिमंत्र्यांना विनंती की शाळांच्या पोषण आहारासाठी, आश्रमशाळांसाठी आणि शासकीय वसतिगृहांसाठी जे तेल खरेदी होते, त्यात या पट्ट्यातील उच्च ओलेइक करडई तेलाला सुरुवातीची निश्चित मागणी द्यावी. गिरणीमालक वेगळी टाकी आणि वेगळी साठवण तेव्हाच उभी करील, जेव्हा पहिल्या वर्षीचे गिऱ्हाईक त्याला दिसत असेल.

या पट्ट्यातील खरेदी केंद्रांवर अपवर्तनांकमापक कसे वापरावे, नमुना कसा घ्यावा आणि निकालाची नोंद कशी ठेवावी, याचे प्रशिक्षण शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना देण्यास मी आणि माझे काही सहकारी विनामोबदला तयार आहोत. बैठकीची तारीख कळवल्यास त्यासाठीचे टिपण आणि नमुन्यांच्या बाटल्या घेऊन हजर राहू.

कळावे,

आपला विश्वासू,
मंगळवेढा परिसरातील एक करडई उत्पादक व तेलतंत्रज्ञ